वारशात आलेली कट ग्लासची भांडी: खरी आहेत का, किती जुनी आहेत, कसं ओळखायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुनं घर रिकामं करताना कपाटाच्या वरच्या फळीवर कागदात गुंडाळलेला जडशीळ बाऊल सापडतो, नाहीतर डिकँटर, म्हणजे मद्य वाढायची काचेची सुरई, आणि चार-सहा ग्लास, आणि मग सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केलेत. उत्तरांमध्ये एक गोष्ट सारखी सारखी येईल म्हणून आधीच सांगतो: वय ठरवताना वस्तूवरची सगळ्यात जुनी वाटणारी खूण शोधायची नसते, सगळ्यात नवी खूण शोधायची असते. जुना पॅटर्न कोणीही आज कापू शकतो, पण १९०५ मध्ये जी पद्धत आली ती १८५० च्या बाऊलवर असूच शकत नाही.

क्रिस्टल आणि कट ग्लास एकच ना?

नाही. क्रिस्टल हा काचेचा प्रकार झाला आणि कट ग्लास म्हणजे काचेवर केलेलं काम. फिरत्या चाकावर काच धरून त्यात खाचा आणि पैलू पाडले की ती कट ग्लास, मग काच कुठलीही असो. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या माणसाने १६७४ मध्ये इंग्लंडमध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत तिच्यात शिशाचं ऑक्साइड घालून ती पक्की केली, ती काच जड, चमकदार आणि कापायला मऊ, म्हणून कट ग्लासचा मोठा हिस्सा लेड क्रिस्टलमध्ये आहे. पण बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रदेशात, पोटॅशवाल्या काचेवर सुंदर कटिंग झालंय, आणि त्यात शिसं नाही. त्यामुळे "हलकं लागतंय म्हणजे नकली" असं लगेच म्हणू नका.

हे खरंच कापलेलं आहे की साच्यात दाबून काढलेलं?

वारशात आलेल्या "कट ग्लास"पैकी बरीचशी प्रेस्ड ग्लास निघते, म्हणून पहिली परीक्षा हीच. वितळलेली काच साच्यात दाबून भांडी काढायचं तंत्र अमेरिकेत १८२० च्या दशकात रुजलं आणि पहिल्यापासून त्याचा उद्देशच महागड्या कट ग्लाससारखं दिसणारं स्वस्तात काढायचं हा होता.

आधी बोट फिरवा. कापलेल्या काचेच्या कडा बोटाला टोचतात, निदान लागतात तरी, आणि साच्यातल्या कडा वितळून गोल झालेल्या असतात. मग सीम शोधा, म्हणजे साच्याचे दोन-तीन भाग जिथे जुळतात तिथली उभी बारीक रेघ, ती बहुतेक हँडलजवळ किंवा काठापासून तळापर्यंत सापडते. आता आतून हात फिरवा. फुंकून केलेल्या आणि मग कापलेल्या भांड्याचा आतला पृष्ठभाग साफ गुळगुळीत असतो. प्रेस्डमध्ये कधी आत सुरकुत्या, कधी बारीक लाटा जाणवतात.

आणि माझी आवडती खूण म्हणजे चुका. चाकावर काम करणारा माणूस नजरेने अंदाज घेत कापत होता, त्यामुळे एखादी खाच जरा पुढे गेलेली, एका चांदणीची टोकं मधोमध नीट न मिळालेली, एका बाजूचा हिरा दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असं काहीतरी सापडतंच. सोळाच्या सोळा चांदण्या अगदी एकसारख्या असतील, त्यातला दोषही प्रत्येकीत त्याच जागी असेल, तर ते साच्याचं काम.

तळाला इंग्लिश डिझाइन रजिस्ट्रेशनची हिऱ्याच्या आकाराची खूण उठलेली असेल तर ती १८४२ ते १८८३ मधली, आणि त्यानंतर १८८४ पासून "आरडी" आणि नंबर असा प्रकार सुरू झाला. या खुणा जास्त करून प्रेस्ड काचेवरच दिसतात. तसंच मोराचं डोकं उठलेलं असेल तर ते इंग्लंडच्या सोवरबी कारखान्याचं, तेही प्रेस्ड. प्रेस्ड निघालं म्हणून तोंड पाडू नका, तिचे वेगळे शौकीन आहेत.

सीम नाही, कडा धारदार आहेत, तरी कोणी म्हणालं "अर्धं प्रेस्ड आहे". असं असतं का?

असतं. अंदाजे १९०० नंतर अमेरिकेत खर्च वाचवायला असं करायला लागले की पॅटर्नच्या मुख्य खाचा साच्यातच उठवून घ्यायच्या आणि मग चाकावर फक्त त्या धारदार करायच्या. ओळखायची जागा म्हणजे मोठ्या खाचांच्या मधला मोकळा भाग, तो तिरप्या उजेडात धरला की साच्यातली किंचित लहरी चमक दिसते. पॅटर्नमधल्या काही रेघा कुरकुरीत आणि काही बोथट अशी सरमिसळ असेल तर हा प्रकार समजा.

टिचकी मारून वाजवलं तर कळतं ना?

थोडंफार. लेड क्रिस्टलचा पातळ ग्लास लांबवर घुमतो हे खरं, पण जाड बाऊल किंवा अरुंद तोंडाचा डिकँटर उत्तम क्रिस्टलचा असूनही ठप्प आवाज देतो, आणि शिसं नसलेल्या काही पातळ काचाही छान वाजतात. आवाजाचा खरा उपयोग तडा शोधायला होतो. एकसारख्या सहा ग्लासांपैकी एकच बद्द वाजला तर भिंग घेऊन त्यात तडा शोधा.

मग शिसं आहे की नाही हे घरी कसं कळेल?

घनता मोजा, यासारखी खात्रीची घरगुती चाचणी नाही आणि वस्तूला ओरखडाही पडत नाही. किचनचा डिजिटल वजनकाटा घ्या. आधी वस्तू कोरडी असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याने भरलेलं पसरट भांडं ठेवा, काटा शून्य करा, आणि वस्तू मजबूत दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी हातात लोंबती धरा, ती तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये आणि आत हवेचे बुडबुडे अडकता कामा नयेत. आता काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडं वजन ७५० ग्रॅम आणि काट्यावर २५० आले, तर घनता ३.०.

साधी सोडा काच २.५ च्या आसपास येते. युरोपच्या १९६९ च्या नियमानुसार २४ टक्के लेडवाल्या क्रिस्टलची घनता किमान २.९ आणि ३० टक्केवाल्याची किमान ३.० असावी लागते. जुन्या इंग्लिश आणि अमेरिकन काचेत ३.० च्या वरचे आकडे नेहमी दिसतात. चांदीची कड किंवा धातूचं झाकण लावलेल्या वस्तूवर हे करू नका, आकडा चुकतो आणि पाणी धातूच्या आत जाऊन बसतं ते वेगळंच.

जाता जाता, वस्तूवर "२४ टक्के लेड क्रिस्टल" असा स्टिकर असेल तर ती पणजीच्या काळातली नाही हे पक्कं, टक्केवारी छापायची ही पद्धत अलीकडची आहे.

यूव्ही टॉर्चने वय कळतं असं ऐकलंय?

वय थेट कळत नाही, काचेत काय मिसळलंय याचा अंदाज येतो. वाळूतल्या लोहामुळे काचेला हिरवट छटा येते आणि ती घालवायला जुने कारागीर मँगनीज टाकायचे. अशी काच अंधारात साध्या लाँगवेव्ह यूव्हीखाली मंद पिवळट हिरवी दिसते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीजची जागा सेलेनियम वगैरेंनी घ्यायला सुरुवात केली. म्हणून पिवळट हिरवी झाक हा जुनेपणाच्या बाजूचा एक पुरावा, पण एकटा पुरेसा नाही. शॉर्टवेव्ह दिव्याखाली लेडची काच निळसर दिसते, मात्र त्या दिव्याने डोळ्यांना इजा होते, यूव्ही रोखणाऱ्या चष्म्याशिवाय वापरू नका. एकदम भडक हिरवी चमकली तर ती युरेनियम काच, तो वेगळा विषय.

टॉर्चचा एक फायदा कोणी सांगत नाही, तो म्हणजे गोंदाने चिकटवलेला जोड. डोळ्याला न दिसणारी रेघ यूव्हीखाली बऱ्याचदा चटकन दिसते.

हाताने पॉलिश केलेलं आणि अ‍ॅसिडने पॉलिश केलेलं यात फरक कसा दिसतो आणि त्याने काय होतं?

त्याने तारीख अलीकडे सरकते की नाही ते ठरतं, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. कापायचं काम टप्प्याटप्प्याने व्हायचं. आधी लोखंडी चाकावर ओली वाळू सोडून खोल खाचा पाडायच्या, त्या पांढऱ्या खरखरीत दिसतात. मग दगडी चाकावर त्या गुळगुळीत करायच्या. मग लाकडी चाकावर बारीक पावडर लावून एकेक खाच चमकवायची, आणि या शेवटच्या टप्प्याला वेळ आणि मजुरी दोन्ही प्रचंड लागायची. १९ व्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांनी यावर तोड काढली, ती म्हणजे अख्खी वस्तू हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या मिश्रणात बुडवायची. वरचा पातळ थर विरघळून सगळं एका दमात चमकतं. २० व्या शतकात हेच सर्रास झालं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खिडकीच्या उजेडात एक रुंद खाच बघा. लाकडी चाकाच्या कामात खाचेच्या लांबीच्या दिशेने अगदी बारीक समांतर रेघा दिसतात आणि कडा कडक असतात. अ‍ॅसिडच्या कामात रेघा पुसल्या गेलेल्या, कडा किंचित मऊ, चमक जरा मेणचट, आणि कधी आधीच्या टप्प्यातले ओरखडे अर्धवट वितळून राहिलेले दिसतात. अ‍ॅसिड पॉलिश दिसलं की "१८२० चं आयरिश" वगैरे गोष्टी तिथेच संपतात. उलट मात्र खरं नाही हां, हाताचं पॉलिश दिसलं म्हणजे जुनंच असं नाही, कारण चांगले कारागीर पुढेही हाताने करत राहिले.

पॅटर्न बघून काळ सांगता येतो का?

ढोबळ सांगता येतो. फॅशन बदलत गेली आणि त्यामागे बऱ्याचदा कर आणि यंत्रं होती.

ब्रिटनमध्ये १७४५ च्या कायद्याने काचेवर वजनाप्रमाणे कर बसला, म्हणजे काच जितकी जाड तितका कर जास्त, त्यामुळे तिथलं १८ व्या शतकातलं कटिंग उथळ आणि हलकं राहिलं, पैलू पाडलेल्या दांड्याचे वाइन ग्लास साधारण १७६० ते १८०० मधले. आयर्लंडला १७८० मध्ये व्यापाराची मोकळीक मिळाली आणि हा कर तिथे १८२५ पर्यंत नव्हता, म्हणून तिकडे जाड काच, काठ बाहेर वळवलेले बाऊल, होडीच्या आकाराची भांडी, गळ्यावर तीन कडी असलेले डिकँटर असा थाट. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला वाफेवर चालणारी चाकं आली आणि खोल हिरे, पायऱ्यांसारखे आडवे कंगोरे सगळीकडे दिसायला लागले. १८३० आणि ४० च्या दशकांत रुंद, साधे उभे पैलू. ब्रिटनमधला कर १८४५ मध्ये गेला.

मग अमेरिका. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनापासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा जो काळ आहे त्याला ब्रिलियंट पिरियड म्हणतात, आणि एक इंचभर जागा मोकळी न सोडणारं, हातात घेतल्यावर मनगट दुखेल असं जे कट ग्लास तुमच्या डोळ्यासमोर येतं ते बहुतेक या काळातलं किंवा त्याची नक्कल. यात तारखा चांगल्या मिळतात. "रशियन" नावाचा पॅटर्न हॉक्स कंपनीसाठी १८८२ मध्ये पेटंट झाला, आणि १८९१ मध्ये व्हाइट हाउससाठी डॉर्फ्लिंगर कंपनीने याच पॅटर्नचा सेट बनवला. वक्र खाच, म्हणजे सरळ न जाता कमानीसारखी वळलेली, हिचा पहिला पेटंट पॅटर्न १८८६ चा डॉर्फ्लिंगरचा "पॅरिसियन". तेव्हा अमेरिकन बाऊलवर लांब वळणदार खाचा दिसल्या तर १८८६ च्या आधीचा विचार सोडून द्या. भिंगरीसारखी फिरणारी चांदणी, जिला पिनव्हील म्हणतात, ती १९०० नंतरची फॅशन. त्याच सुमारास फुलं-फळं कोरलेले पॅटर्न आले, हॉक्सचा "ग्रॅव्हिक" १९०३ चा.

महायुद्धात शिसं दारूगोळ्याकडे वळलं, चव बदलली, आणि १९२० आणि ३० च्या दशकांत मोकळ्या जागा, सरळ रेषा, कमी कटिंग आलं.

तळावर काय बघायचं?

फुंकलेली वस्तू कारागीर एका लोखंडी सळईला तळाशी चिकटवून धरायचा, ती तोडली की तिथे खरखरीत डाग राहतो, त्याला पाँटिल म्हणतात. १८ व्या शतकात तो बऱ्याचदा तसाच ठेवलेला सापडतो, पुढे तो घासून गुळगुळीत वाटीसारखा करायला लागले. तळावर चांदणी कापलेली असेल तर ती किती पसरली आहे ते बघा, आधीच्या चांदण्या आखूड आणि कमी किरणांच्या, नंतरच्या कडेपर्यंत पोचलेल्या आणि दाट.

झीजही इथेच दिसते. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूच्या तळावर फक्त जिथे ती टेकते तिथेच, वेगवेगळ्या दिशांना जाणारे, कमी-जास्त खोल ओरखडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेचे, एकसारखे, आणि न टेकणाऱ्या भागावरही असतील तर कोणीतरी पॉलिश पेपरने म्हातारपण आणलंय. पण झीज नसणं हा काही गुन्हा नाही, शोकेसमध्ये शंभर वर्षं बसलेली भांडीही असतात.

कंपनीची सही कुठे असते? मला काहीच दिसत नाहीये.

अ‍ॅसिडने उठवलेली सही इतकी पुसट असते की पन्नास वर्षं रोज पुसणाऱ्या माणसालाही ती दिसलेली नसते. वस्तू धुवा, पूर्ण कोरडी करा, खोलीत एकच दिवा ठेवा आणि वस्तू हळूहळू तिरपी करत बघा, किंवा त्या जागी तोंडाने वाफ सोडा, वाफ विरताना खूण क्षणभर उठून येते. बाऊल असेल तर आत मध्यभागी, जग असेल तर हँडलवर किंवा गळ्याशी, पायाचा ग्लास असेल तर पायावर, डिकँटर असेल तर तळ आणि स्टॉपर, म्हणजे काचेचं बूच, दोन्ही.

नेहमी भेटणाऱ्या काही सह्या: तीन पाकळ्यांच्या चौकटीत दोन ससाणे आणि वर एक फूल असेल तर हॉक्स, १८९० च्या दशकापासून. "लिबी" असं वळणदार अक्षरात आणि खाली तलवार असेल तर साधारण १८९६ ते १९०६. गोलात "जे. होअर अँड कंपनी, १८५३, कॉर्निंग" असेल तर कृपा करून तो बाऊल १८५३ चा समजू नका, ते कंपनीने मिरवलेलं आपल्या स्थापनेचं वर्ष आहे, याच्यावरून घरोघरी भांडणं झालेली आहेत. फ्रान्सच्या बाकारा कंपनीची अ‍ॅसिडची सही १९३६ पासून नियमित येते, त्याआधी कागदी लेबलं असायची आणि ती धुतली गेली. इंग्लंडच्या स्टुअर्टची सही १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून.

देशाचं नाव असेल तर ते सगळ्यात सोपं कॅलेंडर. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे नुसतं देशाचं नाव दिसलं तर बहुतेक १८९१ नंतरचं. "चेकोस्लोव्हाकिया" असेल तर १९१८ च्या आधीचं असणं शक्यच नाही, "चेक रिपब्लिक" असेल तर १९९३ नंतरचं, "वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ ते १९९०.

सही नाही म्हणजे साधी वस्तू ना?

अजिबात नाही. १८९० च्या आधीच्या जवळजवळ सगळ्या कट ग्लासवर सही नसतेच, आणि नंतरही कितीतरी उत्तम कारखाने करत नव्हते.

सही आहे म्हणजे खात्री ना?

तेही नाही. रबरी शिक्का आणि अ‍ॅसिड मिळालं की लिबी किंवा हॉक्सची सही नव्या बाऊलवर दोन मिनिटांत उठते, आणि असे उद्योग झालेले आहेत. म्हणून मी सही सगळ्यात शेवटी बघायला सांगतो. काच, कटिंग, पॉलिश, तळ हे सगळं एका काळाकडे बोट दाखवत असेल आणि सहीही तोच काळ सांगत असेल तर छान. सही एक बोलते आणि बाकी सगळं दुसरं बोलतं, तर सहीवर विश्वास ठेवू नका. झिजलेल्या, ओरखडे पडलेल्या भागावर सही मात्र कोरी करकरीत बसलेली असेल तर ती ओरखड्यांच्या नंतर आली आहे.

काठाला किंवा झाकणाला चांदी आहे, त्याचा काही उपयोग?

प्रचंड. ब्रिटिश चांदी असेल तर अख्ख्या लेखातली ही एकच जागा जिथे नेमकं वर्ष मिळू शकतं. भिंगातून ओळीने छोटे शिक्के दिसतील. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. शहराची खूण वेगळी: बिबट्याचं डोकं लंडन, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅम, मुकुट शेफील्ड, हा मुकुट १९७४ पर्यंत. मग एक अक्षर असतं ते वर्षाचं, आणि इथे लोक गडबडतात, कारण प्रत्येक शहराची अक्षरमाला वेगळी आणि तीच अक्षरं पुन्हा पुन्हा फिरून येतात, तेव्हा अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही तक्त्याशी जुळवून बघावे लागतात. राजा किंवा राणीचं डोकं असेल तर ती कर भरल्याची खूण, १७८४ ते १८९० मधली. फ्रेंच चांदीवर १८३८ पासून मिनर्व्हा देवीचं डोकं येतं, जर्मन चांदीवर १८८८ पासून चंद्रकोर आणि मुकुट. अमेरिकन वस्तूवर नुसतं "स्टर्लिंग" लिहिलं असेल तर त्याने वर्ष कळत नाही.

पण चांदी आणि काच एकाच वयाची आहेत का ते बघा. धातूची कड काचेवर घट्ट, चहूबाजूंनी सारखी बसलेली असावी. मध्ये फट असेल, प्लास्टरचा जाड भर दिसत असेल, किंवा पॅटर्न चांदीखाली अर्धवट कापला गेला असेल तर एक तर काच बदलली आहे नाहीतर फुटलेला काठ लपवायला चांदी नंतर चढवली आहे.

डिकँटरच्या गळ्यावर आणि स्टॉपरवर बारीक नंबर कोरलाय, तो मॉडेल नंबर आहे का?

नाही. प्रत्येक स्टॉपर त्याच्याच गळ्यात घासून बसवलेला असायचा, दुसऱ्याला तो बसत नाही, म्हणून कारखान्यात गल्लत होऊ नये यासाठी दोघांवर एकच नंबर टाकायचे. दोन्ही नंबर जुळले तर जोडी मूळची, आणि ही आनंदाची बातमी आहे कारण स्टॉपर सगळ्यात आधी फुटतात आणि बदलले जातात. नंबर नसेल तर स्टॉपर घालून हलवून बघा, डुगडुगत असेल किंवा फार वर राहत असेल तर उसना आहे. अडकलेला असेल तर पिळू नका, कडेने तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि मग लाकडाच्या तुकड्याने हलकेच आजूबाजूला ठोका.

घरात सगळे म्हणायचे "हे वॉटरफर्ड आहे", आणि काच जरा निळसरही आहे.

जड आणि चकचकीत दिसलं की वॉटरफर्ड म्हणायची पद्धतच पडली आहे. जुना कारखाना १७८३ मध्ये सुरू झाला आणि १८५१ मध्ये बंद पडला. आजच्या नावाने ओळखली जाणारी कंपनी १९४७ मध्ये नव्याने उभी राहिली आणि तिची सही जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत असते. म्हणजे सहीवालं वॉटरफर्ड १९ व्या शतकातलं असूच शकत नाही, मधली शंभरेक वर्षं कारखानाच नव्हता. जुन्या काही आयरिश डिकँटरच्या तळाला मात्र साच्यातून उठलेली नावं सापडतात, "पेनरोझ वॉटरफर्ड", "कॉर्क ग्लास कंपनी" अशी, आणि अशी वस्तू निघाली तर नीट जपा. निळसर रंग ही ओळख म्हणून बाद समजा, जुनं वॉटरफर्ड बऱ्यापैकी स्वच्छ रंगहीन होतं आणि निळसर झाक इतर ठिकाणच्या काचेतही येते.

लाल-निळं कट ग्लास आहे, रंग खाचांमध्ये नाही, वरच आहे. हे काय?

पारदर्शक काचेवर रंगीत थर चढवून मग तो कापून काढलेला असतो. कापलेल्या कडेवर भिंग लावा आणि थर किती जाड आहे ते बघा. मिलिमीटरभर किंवा जास्त असेल तर रंगीत काच खरंच वर चढवलेली आहे, ते महागडं काम. थर इतका पातळ की जाडीच कळत नाही आणि झिजलेल्या जागी रंग उडालाय, तर तो रंग फक्त पृष्ठभागावर भाजलेला आहे. बोहेमियात फ्रीडरिश एगरमान याने १८३० च्या दशकात असा माणकासारखा लाल रंग काढला आणि मग तो सगळीकडे इतका चालला की आजही पर्यटकांसाठी तशा वस्तू बनतात, त्यामुळे लाल रंगावरून काळ ठरवायला जाऊ नका.

काठाला टवका उडालाय. आणि दुसऱ्या एका ग्लासचा काठ संशय येईल इतका सरळ आहे.

टवका दिसतो तरी, सरळ केलेला काठ फसवतो. टवके घालवायला काठ घासून खाली आणायची पद्धत जुनीच आहे. सेटमधले ग्लास शेजारी ठेवून उंची मोजा. पॅटर्न काठाच्या फार जवळ येऊन अचानक तुटतोय का, दातेरी काठाचे दात एका बाजूला बुटके आहेत का, काठ मूळचा गोलसर असायचा तो चपटा आणि मंद झालाय का, हे बघा. स्वतः कानस लावायच्या फंदात पडू नका.

आतून पांढरट धुरकट झालंय, जाईल का?

पाण्यातल्या क्षारांचा थर असेल तर कोमट पाणी आणि व्हिनेगर घालून काही तास ठेवल्यावर जातो. नाही गेला तर काच आतून खराब झाली आहे, म्हणजे ओलाव्याने पृष्ठभागच खाल्ला गेलाय, आणि तो फक्त जाणकार माणूस घासून काढू शकतो. परीक्षा सोपी आहे: पाणी भरल्यावर धुरकटपणा गायब होतो आणि वाळल्यावर परत येतो. पण ही परीक्षा क्षारांनाही लागू होते, त्यामुळे आधी व्हिनेगर, मगच निष्कर्ष. विकायला आलेल्या डिकँटरमध्ये आत तेल फिरवून धुरकटपणा लपवलेला असू शकतो, बोट घालून बघा.

यातून खायचं-प्यायचं का?

जेवणापुरतं, तासाभरापुरतं प्यायला बहुतेक लोक वापरतात. साठवायला मात्र अजिबात नाही. शिसं हळूहळू पेयात उतरतं, आंबट आणि मद्यार्क असलेल्या गोष्टींमध्ये जास्त. १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये चार महिने ठेवलेल्या वाइनमध्ये शिशाचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलेलं दिसलं होतं. डिकँटर टेबलावर आणा, वाढा, उरलेलं परत बाटलीत. लहान मुलं आणि गरोदर बायकांना यातून देऊ नका.

धुवायचं कसं?

डिशवॉशरमध्ये नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, सिंकमध्ये खाली टॉवेल, एका वेळी एकच वस्तू, अंगठ्या काढून. गरम-थंड पटकन बदललं की जाड काच तडकते.

सेट एकाच वेळचा आहे का हे कसं कळेल?

उंची आणि वजन मोजा, तळाच्या चांदणीचे किरण मोजा, यूव्हीखाली सगळे एका रांगेत ठेवा. हाताने केलेल्या सेटमध्ये दोन-चार मिलिमीटरचा फरक चालतो. पण सहा ग्लास पिवळट आणि दोन निळसर दिसले, किंवा सहांच्या तळाला चोवीस किरण आणि दोनच्या तळाला सोळा, तर ते दोन नंतर भरती केलेले. फुटलं की नवं आणायचं हे घरोघरी होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पॅटर्नचं नाव शोधायला आणि कोणाला दाखवायला काय तयारी करू?

अमेरिकन माल वाटत असेल तर कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लासच्या लायब्ररीत जुन्या कंपन्यांचे कॅटलॉग आहेत, आणि १९७८ पासून चालू असलेली अमेरिकन कट ग्लास असोसिएशन फक्त याच विषयात काम करते. इंग्लिश माल असेल तर स्टूरब्रिजकडच्या कारखान्यांच्या नोंदी बघा. म्युझियमवाले ओळखायला मदत करू शकतात, किंमत सहसा सांगत नाहीत, त्यासाठी लिलाववाले किंवा मूल्यांकन करणारे, आणि जो माणूस वस्तू विकत घ्यायलाही तयार आहे त्याच्याच अंदाजावर थांबू नका.

फोटो काळ्या कापडावर काढा, फ्लॅश बंद, उजेड बाजूने. पूर्ण वस्तू, वरून, तळ, एका चांदणीचा जवळून, काठ, सही असेल तर सही, आणि टवके लपवू नका. सोबत उंची, व्यास, वजन, काढली असेल तर घनता, आणि वस्तू कोणाकडून कोणाकडे आली ते. घरातली गोष्ट "पणजीच्या लग्नातला बाऊल" अशी असेल तर लग्नाचं वर्ष लिहा, कोणी सांगितलं ते लिहा, म्हणजे बघणारा आधी काचेचा काळ काढेल आणि मग तो त्या वर्षाशी जुळतो का ते सांगेल.